ऊर्जेचा जमाखर्च

विजेचें बिल हातीं आलें कीं "या महिन्यांत फार वीज जळाली" असा उद्गार घरोघर निघतो. गॅसचें सिलिंडर रिकामें होतें, चुलींतील लाकूड जळून जातें, दिवसभर श्रमलेल्या माणसाची शक्ति सरते. बोलण्याच्या ओघांत हें सर्व एकाच अर्थानें 'खर्च झालें' असें म्हटलें जातें. शाळेंतील पदार्थविज्ञानाचें पुस्तक मात्र याच्या नेमकें उलट सांगतें : ऊर्जा नव्यानें निर्माण करतां येत नाहीं आणि असलेली नष्ट करतां येत नाहीं; ती केवळ रूप पालटते. हें विधान खरें असेल तर बिल कशाचें येतें, आणि "वीज जपून वापरा" या उपदेशाला अर्थ काय, असा प्रश्न कोणाहि विचारी माणसास पडावा. त्याचें उत्तर मिळण्यासाठीं ऊर्जेचीं मुख्य रूपें कोणतीं व तीं एकांतून दुसऱ्यांत कशीं जातात, हें एकदां नीट पाहावें लागतें.

प्रथम शब्दाचा अर्थ. बल लावून एखादी वस्तु कांहीं अंतर हलविली म्हणजे शास्त्राच्या भाषेंत 'कार्य' झालें. आणि असें कार्य करण्याची जी पात्रता, तिचें नांव ऊर्जा. शंभर ग्रॅमचें वजन जमिनीवरून एक मीटर उंच उचलावयास सुमारें एक जूल ऊर्जा लागते. हें माप अगदीं लहान आहे. परंतु त्याची मोठी सोय अशी कीं, उष्णता, प्रकाश, वीज, अन्न, वाहतें पाणी, या सर्वांचा हिशेब त्या एकाच मापानें मांडतां येतो. निरनिराळ्या देशांचीं नाणीं एकाच चलनांत मोजावीं तसा हा प्रकार आहे.

महाराष्ट्रांतील वाचकाला या हिशेबाचें उदाहरण शोधण्यासाठीं दूर जावयास नको. बोरघाटाच्या माथ्यावर लोणावळें, वळवण इत्यादि तलाव आहेत आणि घाटाच्या पायथ्याशीं खोपोलीचें वीजगृह आहे. सह्याद्रीवरील पावसापासून मुंबईसाठीं वीज मिळवावी, ही कल्पना जमशेटजी टाटा यांनीं उचलून धरली. ते १९०४ सालीं निवर्तले. पुढें १९१० सालीं त्या कामासाठीं कंपनी स्थापन झाली व १९१५ सालीं खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांकडे वाहूं लागली. तलाव आणि वीजगृह यांच्या उंचींत सुमारें ५०० मीटरांचा फरक आहे, आणि या साऱ्या योजनेचें मर्म त्या एका फरकांत आहे.

तलावांतील पाणी दिसावयास निश्चल असतें. तरी केवळ उंचावर असल्यामुळें त्याच्या अंगीं कार्य करण्याची पात्रता असते. उंच फळीवर ठेवलेला वरवंटा, ताणलेलें धनुष्य, किल्ली दिलेलें घड्याळ यांच्या अंगींहि अशीच ऊर्जा दडलेली असते. स्थितीमुळें लाभलेल्या या ऊर्जेस स्थितिज ऊर्जा म्हणतात. एक लिटर पाणी ५०० मीटर खालीं येतें तेव्हां ही ऊर्जा सुमारें ४,९०० जूल भरते. पाणी नळांतून खालीं धांवूं लागलें कीं उंची कमी होत जाते, आणि नळाच्या मुखापाशीं तें प्रचंड वेगानें बाहेर पडतें. घर्षणानें कांहींच हानि झाली नाहीं असें मानलें तर हा वेग सेकंदाला जवळजवळ १०० मीटर होईल. आतां उंची उरली नाहीं, पण वेग आला : स्थितिज ऊर्जा गतिज झाली. ती धार चक्राच्या पात्यांवर आदळते, चक्र गरगर फिरतें, आणि त्या चक्राशीं जोडलेलें जनित्र त्या गतीची वीज करतें. तारेच्या वेटोळ्याजवळ चुंबक हलविला असतां तारेंत विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो, हा शोध मायकेल फॅरडे यानें १८३१ सालीं लाविला होता. खोपोलीचें काय किंवा जगांतील दुसरें कोणतेंहि जनित्र काय, त्याच तत्त्वावर चालतें.

'वीजनिर्मिति केंद्र' हें नांव रूढ झालें असलें तरी तेथें ऊर्जेची निर्मिति होत नाहीं, हें आतां लक्षांत येईल. तेथें उंचीचें गतींत व गतीचें विजेंत रूपांतर होतें, एवढेंच. ही वीज तारांतून घरांत येते आणि तेथें तिचीं पुन्हां अनेक रूपें होतात. पंख्यांत ती गति होते, दिव्यांत प्रकाश होते, नभोवाणीच्या यंत्रांत ध्वनि होते, इस्तरींत उष्णता होते. एक लिटर पाण्याची ती ४,९०० जूल ऊर्जा जर पूर्णपणें विजेंत उतरली, तर दहा वॅटचा एल. ई. डी. दिवा तिच्यावर सुमारें आठ मिनिटें जळेल. ज्याला बिलावर 'एक युनिट' म्हणतात ती ३६ लक्ष जूल ऊर्जा होय. म्हणजे एका युनिटासाठीं सुमारें ७३५ लिटर पाण्यानें सबंध घाट उतरावयास हवा. प्रत्यक्षांत वाटेवर थोडी गळती होतेच, त्यामुळें पाणी याहून अधिकच लागतें.

हें झालें तलावापासून खालीं. पण तलावांत ही ऊर्जा कोणी ठेवली? पाणी घाटावर चढविलें तें सूर्यानें. अरबी समुद्रावरून येणारे मोसमी वारे बाष्प घेऊन येतात, सह्याद्रीला अडून वर चढतात, थंड होतात व तेथें पाऊस पाडतात. एक लिटर पाण्याची वाफ होण्यास सुमारें २४ लक्ष ५० हजार जूल उष्णता लागते. त्या पाण्यापासून खोपोलीस हातीं येणारी ऊर्जा तिचा केवळ पांचशेंवा हिस्सा. बाकीची बहुतेक सर्व ऊर्जा वाफेचें पुन्हां पाणी होतांना हवेंत उष्णतेच्या रूपानें मोकळी होते, व ढगांस वर चढविते. मनुष्यानें सूर्याच्या या अफाट व्यवहारांतील एक चिमूटभर वांटा उचलला आहे.

सूर्याची ऊर्जा पृथ्वीवर येते ती प्रारणाच्या, म्हणजे प्रकाश व अदृश्य किरणांच्या, रूपानें. वनस्पति ती हिरव्या पानांत धरून ठेवतात आणि तिची रासायनिक ऊर्जा करतात. लाकूड, धान्य, तसेंच कोट्यवधि वर्षांपूर्वीं गाडल्या गेलेल्या अरण्यांचा झालेला कोळसा, या सर्वांत हीच ऊर्जा सांठविलेली आहे. साठ किलो वजनाचा मनुष्य खोपोलीहून खंडाळ्यास पायीं चढून गेला तर त्याच्या देहाची स्थितिज ऊर्जा सुमारें तीन लक्ष जूल वाढते. आहारशास्त्राच्या भाषेंत ही ७० किलोकॅलरी होय. परंतु स्नायूंना अन्नाच्या ऊर्जेपैकीं सुमारें पाव हिस्साच कार्यांत उतरवितां येतो. म्हणून एवढ्या चढास प्रत्यक्षांत तिच्या चौपट, म्हणजे तीनशे किलोकॅलरींच्या आसपास, अन्न लागतें. उरलेली तीनचतुर्थांश ऊर्जा कोठें जाते, हें चढणाराचा घाम सांगतो.

आणि सूर्यांत तरी ती कोठून येते? सूर्याच्या गाभ्यांत हायड्रोजनच्या अणूंचे गर्भ एकत्र येऊन हेलियमचे गर्भ बनतात आणि या व्यवहारांत थोडें वस्तुमान कमी होऊन तेवढी ऊर्जा बाहेर पडते. वस्तुमान व ऊर्जा यांचें हें नातें आल्बर्ट आइन्स्टाइन यानें १९०५ सालीं मांडलें. सूर्याचें वस्तुमान या रीतीनें दर सेकंदास सुमारें ४० लक्ष टनांनीं घटतें. अणुगर्भीय ऊर्जेचें दुसरें उदाहरण महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरच आहे : तारापूरच्या केंद्रांत युरेनियमच्या गर्भांचें विभाजन करून पाणी उकळवितात, व त्या वाफेनें जनित्र फिरवितात. तें १९६९ सालीं सुरू झालें.

या सर्व रूपांची बेरीज कायम राहते, हें मनुष्यास फार उशिरां कळलें. आणि त्यांतील खरी अडचण उष्णतेची होती. अठराव्या शतकांत उष्णता हा एक प्रकारचा अदृश्य द्रव आहे, असें पुष्कळ विद्वान् मानीत. म्यूनिकच्या तोफखान्यांत तोफांचीं छिद्रें पाडतांना निघणाऱ्या उष्णतेस अंतच नाहीं, घर्षण चालूं असेपर्यंत ती निघतच राहते, हें काउंट रम्फर्डनें पाहिलें व १७९८ सालीं प्रसिद्ध केलें. पदार्थांत सांठविलेला द्रव असा अखंड निघत राहणें शक्य नव्हतें. पुढें मँचेस्टरच्या जेम्स जूल यानें प्रत्यक्ष मापच घेतलें. पाण्यानें भरलेल्या भांड्यांत वल्ह्यांसारखीं पातीं बसविलीं, दोरीला टांगलेल्या वजनाच्या उतरण्यानें तीं फिरविलीं, आणि पाणी किती तापलें तें सूक्ष्म उष्णतामापकानें पाहिलें. वर्षानुवर्षें प्रयोग करून १८५० सालीं त्यानें जो आंकडा दिला तो आजच्या आंकड्यापासून शेंकडा एकानेंच दूर आहे. आजच्या मापानें सांगावयाचें तर, पाणी सुमारें ४२७ मीटर उंचीवरून पडून त्याची सर्व ऊर्जा त्याच पाण्यांत उष्णतेच्या रूपानें राहिली तर तें एक अंशानें तापेल. त्याच सुमारास, १८४७ सालीं, जर्मनीच्या हर्मान हेल्महोल्ट्झ यानें ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम सर्व रूपांस लावून दाखविला. उष्णतेच्या रकमेची नोंद झाली आणि जमाखर्च जुळला.

मग बिल कशाचें, हा मूळ प्रश्न येथें पुन्हां उभा राहतो. जूलच्या भांड्याकडेच पाहिलें असतां उत्तर मिळतें. वजन खालीं आलें व पाणी कोमट झालें. परंतु तें कोमट पाणी आपण होऊन थंड झालें आणि वजन वर चढलें, असें कोणी कधीं पाहिलें नाहीं. तसें झालें तरी हिशेब जुळला असता. पण तसें होत नाहीं. उंचीची, गतीची वा विजेची ऊर्जा सहज आणि संपूर्ण उष्णतेंत जाते. उष्णतेचें मात्र पुन्हां संपूर्ण कार्य होत नाहीं. शंभर रुपयांची नोट मोडून तिचे सुटे पैसे गांवभर विखुरले, तर एकहि पैसा जगांतून नाहींसा होत नाहीं. पण त्या नोटेनें जें घेतां आलें असतें तें आतां घेतां येत नाहीं. उष्णता ही ऊर्जेची अशी मोड आहे. पदार्थाच्या असंख्य रेणूंच्या सैरावैरा हालचालींत ती वांटली गेलेली असते. दिव्याचा प्रकाश भिंतींत शोषला जातो, पंख्याचा वारा घर्षणानें थांबतो, गाण्याचा ध्वनि पडद्यांत विरतो. आणि घाटावरून आलेली सारी ऊर्जा शेवटीं खोलीच्या हवेंत किंचित् ऊब होऊन राहते. ती तेथें आहे, पण तिच्यानें दुसरा दिवा लागत नाहीं. बिल भरावें लागतें तें ऊर्जेच्या या उपयुक्ततेचें.

मोडीचीहि किंमत ठरलेली आहे. उष्णतेपासून कार्य मिळवावयाचें तर ती उष्ण जागेकडून थंड जागेकडे वाहतांनाच मिळतें, आणि दोहोंच्या तपमानांत जितकें अंतर अधिक तितका अधिक वांटा कार्यांत येऊं शकतो, हें फ्रान्सच्या सादी कार्नो यानें १८२४ सालीं दाखविलें. म्हणूनच कोळशाच्या केंद्रांत जाळलेल्या कोळशाच्या उष्णतेपैकीं सुमारें एक-तृतीयांशच वीज होते. बाकीची वाफ थंड करणाऱ्या पाण्यांत व धुराड्यावाटे निघून जाते. हा केवळ यंत्राचा किंवा कामगाराचा दोष नव्हे. यंत्र कितीहि सुधारलें तरी ही वजावट पूर्णपणें टाळतां येत नाहीं.

एवढें समजलें म्हणजे घरांतील एका नेहमींच्या गोष्टीकडे निराळ्या दृष्टीनें पाहतां येतें. स्नानासाठीं वीस लिटरांची बादली २५ अंशांवरून ४० अंशांवर न्यावयाची तर सुमारें साडेबारा लक्ष जूल उष्णता लागते. ती विजेनें द्यावयाची तर सुमारें २५६ लिटर पाण्यानें घाट उतरावयास हवा. म्हणजे एका बादलीसाठीं तेरा बादल्या. तीच वीज कोळशाची असेल तर आधीं तिप्पट उष्णता जाळावी, त्यांतील दोन हिस्से सोडून द्यावे, उरलेल्या एका हिश्श्याची महाग अशी वीज करावी, आणि ती वीज पुन्हां कोमट पाण्यांत मोडावी, असा हा व्यवहार होतो. उलट छपरावर बसविलेल्या सूर्यतापकांत ऊन सरळच पाण्याची ऊब होतें; मोठी नोट मोडावी लागत नाहीं. दहा वॅटच्या दिव्यानें पांच तासांत जेवढी वीज घ्यावी, तिच्या सातपट एक बादली घेते. काटकसर करूं पाहणाऱ्या गृहस्थाची दृष्टि बहुधा दिव्याच्या बटनाकडे जाते. ती आधीं न्हाणीघराकडे जावयास हवी.

हाच विचार मोठ्या योजनांतहि दिसतो. मुंबईच्या नव्या उपनगरी गाड्या थांबतांना आपली गति चाकांवर घासून उष्णतेंत घालवीत नाहींत. त्यांच्या मोटारी त्या वेळीं जनित्रें बनतात व वीज तारेंत परत पाठवितात. घाटघरच्या प्रकल्पांत मागणी कमी असेल त्या वेळीं विजेनें पाणी वरच्या तलावांत चढवितात आणि गरजेच्या वेळीं तें खालीं सोडतात. चढविण्यास लागलेली वीज उतरतांना पूर्ण परत येत नाहीं, कांहीं भाग उष्णता होऊन जातोच. तरी नको त्या वेळची वीज हव्या त्या वेळीं मिळते.

खोपोलीच्या चक्रांतून सुटलेलें पाणी पाताळगंगेंत जातें व पुढें समुद्रास मिळतें. वस्तुतः हें पाणी इंद्रायणीचें, म्हणजे भीमेच्या खोऱ्यांतील. तें आपल्या मूळ वाटेनें पूर्वेकडे गेलें असतें तरी उंचावरून समुद्रापर्यंतच उतरलें असतें, आणि त्याची सारी ऊर्जा शेंकडों कोसांच्या पात्रांत दगडगोट्यांवर घासून, कोणास न कळतां, ऊब होऊन विखुरली असती. पश्चिमेकडे वळविल्यानें ऊर्जेच्या एकूण बेरजेंत एका जूलचीहि भर पडली नाहीं. शेवटींहि ती ऊबच होते; मात्र वाटेंत तिच्यावर गिरणीचें चातें फिरतें आणि विद्यार्थ्याचा दिवा जळतो.