सीडी बिघडली की ड्राइव्ह?

२००८ च्या मे महिन्यातली गोष्ट. नागपुरात नवतपा सुरू होता, खोलीत कूलर घरघरत होता आणि मी दादाच्या जुन्या कॉम्प्युटरवर उबुंटू ही मोफत प्रणाली टाकायला बसलो होतो. 'जुनं सगळं पुसू का?' असं पडद्यावर विचारलं गेलं. मी बेधडक 'हो' म्हटलं. थोडं काम झालं आणि सगळं अडलं. सीडी वाचता येत नाही, असा संदेश आला. त्या कॉम्प्युटरमध्ये सोसायटीचा दोन वर्षांचा जमाखर्च होता. तोही पुसला गेला होता.

दादा म्हणाला, "ड्राइव्ह गेला रे, सीताबर्डीवरून नवा आण." मी म्हटलं, सीडीच खराब. दोघांचेही नुसते अंदाज!

मग तीच सीडी शेजाऱ्यांकडे लावून पाहिली. तिथेही अडली. म्हणजे सीडी सदोष. मी ती सर्वांत जास्त वेगाने राइट केली होती. दुसरी सीडी कमी वेगाने राइट केली. ती शेजाऱ्यांकडे चालली, दादाकडे नाही. म्हणजे दोष ड्राइव्हमध्येही होता. गंमत अशी, की गाण्यांची विकतची सीडी त्याच ड्राइव्हमध्ये छान वाजत होती.

असं का? विकतच्या सीडीवर कारखान्यात साच्याने बारीक खड्डे उठवतात. घरच्या सीडीत लेझर रंगाच्या थरावर डाग पाडतो. तिच्यावरून प्रकाश कमी परततो. भिंगावर धूळ बसली, की आधी अशाच सीडीचं वाचन अडतं. शिवाय गाण्यातला एखादा कण हुकला, तर यंत्र तो अंदाजाने भरून काढतं. प्रणालीत असा अंदाज चालत नाही. आमच्याकडे तर उन्हाळ्याची धूळ आणि कूलरची दमट हवा! भिंग साफ करायची सीडी फिरवली आणि काम झालं.

जमाखर्च मात्र परतला नाही. पावतीपुस्तकं घेऊन दादा महिनाभर रात्री बसला. बोलला काही नाही, तेच जास्त लागलं. सीडी तपासण्याचा पर्याय अगदी पहिल्याच पडद्यावर होता, मीच तो वापरला नव्हता.

म्हणून सांगतो, एका वेळी एकच वस्तू बदलून पाहा. सीडीत .आयएसओ नावाची एकच फाइल दिसली, तर ती चुकीची राइट झाली समजा. सीडी मध्यातून कडेकडे पुसा, गोल नव्हे. छापील बाजूलाही जपा. चकाकता थर तिच्याच लगत असतो.

आता सीडीची जागा पेनड्राइव्हने घेतली आहे. तरी क्रम तोच: आधी फाइलींची प्रत, मग तपासणी, आणि 'पुसू का?' याला 'हो' सगळ्यात शेवटी.