कांड्या फुल्ल, फोटो अडकलेला

राज्य सरकारने 5 नोव्हेंबर 2025 ला स्टारलिंकबरोबर इरादापत्रावर सह्या केल्या आणि पहिल्या चार जिल्ह्यांत आपला धाराशिवही आहे, हे एव्हाना सगळ्यांनी वाचलंय. त्याआधी सप्टेंबरात बीएसएनएलचं स्वदेशी 4जी वाजतगाजत आलं. 6जीचं स्वप्न तर दिल्लीने 2023 पासूनच दाखवायला घेतलंय. चर्चा सगळी वेगाची. कन्नड-सोयगावकडे मात्र दुखणं वेगळंच आहे.

खरिपात ई-पीक पाहणीच्या दिवसांत तिकडे चक्कर मारा. गटात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा आणि ॲपवर चढवायचा, ही 2021 पासूनची रीत. सातबाऱ्यावर पीक लागलं नाही तर पुढे हमीभाव खरेदीच्या नोंदणीला अडतं. मोबाइलवर तीन कांड्या दिसतायत आणि गोल चक्र काही थांबत नाही. शेतकरी आधी बांधावर चढतो, मग विहिरीच्या कठड्यावर, शेवटी गाडीला किक मारून थेट फाट्यावर. ‘रेंज तर दाखवतंय ना भाऊ’ म्हणत शिव्या बसतात सर्व्हरला. सर्व्हरही अधूनमधून त्या लायकीचा असतो, पण दर वेळी दोष त्याचा नसतो.

टॉवरचा सिग्नल तुमच्यापर्यंत किती पोचतो, एवढंच कांड्या सांगतात. तुमचा सिग्नल टॉवरपर्यंत पोचतो का, ते त्यांना ठाऊक नसतं. टॉवरवरचा रेडिओ एकेका अँटेनातून वीस-चाळीस वॉटने बोलतो. हातातल्या मोबाइलला मुभा साधारण 0.2 वॉटची. टॉवरचे कान तिखट असतात, त्यामुळे बरीचशी भरपाई होते, पण गावाबाहेर तीन-चार किलोमीटरवर ती पुरत नाही. म्हणून त्याच बांधावर रील दिसते आणि फोटो जात नाही. त्यात 5जीचा मोठा भार 3300 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर. बाकी सगळं सारखं धरलं तर 700 मेगाहर्ट्झच्या मानाने तिथे सिग्नल वीसपटीहून अधिक क्षीण होतो. आणि मध्ये डोक्याएवढा, पावसाने चिंब मका उभा असला की विचारूच नका.

हे कोडं कागदावर नीट मांडणाऱ्यांत एक नाव येतं अभय करंदीकर यांचं. आज ते केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाचे सचिव आहेत. त्याआधी आयआयटी कानपूरचे संचालक आणि त्याहीआधी आयआयटी मुंबईत प्राध्यापक. 5जीचे जागतिक निकष ठरत होते तेव्हा ग्रामीण भागाच्या चाचणीत दोन टॉवरांमधलं अंतर धरलं होतं 1732 मीटर आणि ग्राहकाचा वेग ताशी पाचशे किलोमीटरपर्यंत. म्हणजे बुलेट ट्रेनमधला प्रवासी! आपल्याकडे पावणेदोन किलोमीटरवर टॉवर उभारायला पैसे कोण घालणार? आणि गिऱ्हाईक तर पायी चालतंय. भारताने लावून धरलं की टॉवरांमधलं अंतर सहा किलोमीटर आणि चालण्याचा वेग, अशीही एक चाचणी हवी. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेने ती मान्य केली. मोबाइलची तेवढीच ताकद दूरवर पोचावी म्हणून आयआयटी हैदराबाद आणि मद्रासच्या मंडळींनी सिग्नलची ठेवणच बदलली. त्यातून 5जीआय हे देशी मानक निघालं. दूरसंचार कंपन्यांनी विरोध केला, जगावेगळे हँडसेट महाग पडतील म्हणून. त्यांचं गणित चुकीचं नव्हतं. शेवटी त्यातलं कामाचं तेवढं जागतिक मानकात मिसळलं गेलं.

मला स्वतःला करंदीकरांचं आधीचं काम जास्त मोलाचं वाटतं. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी 2014 च्या सुमारास हिशेब मांडला की 470 ते 590 मेगाहर्ट्झ या टीव्हीच्या पट्ट्यातल्या 15 वाहिन्यांपैकी किमान 12 देशात जवळपास कुठेही मोकळ्या पडून आहेत. म्हैसमाळच्या मनोऱ्यावरून छतावरच्या ॲल्युमिनियमच्या काड्यांपर्यंत दूरदर्शन यायचं, ते आठवा. तशाच लांब पल्ल्याच्या लहरी. पालघर जिल्ह्यात खामलोलीच्या आसपासच्या गावांना त्यांनी त्यावर इंटरनेट पोचवून दाखवलं. परवाना मिळाला तो प्रयोगापुरता. पट्टा गावांसाठी मोकळा काही झाला नाही. पुढे 2022 च्या लिलावात त्याच्याच शेजारचा 600 मेगाहर्ट्झचा पट्टा सरकारने विकायला काढला, तर एकही बोली आली नाही. विकत कोणी घेईना आणि वापरायला कोणाला देईना, याला धोरण म्हणायचं असेल तर म्हणा.

स्टारलिंकचा उपयोग आहे. पाड्यावरची शाळा, आरोग्य केंद्र, पोलीस चौकी यांच्या छतावर डिश बसेल, खाली वायफाय मिळेल. पण डिशला वीज लागते आणि आकाश मोकळं लागतं, आणि ती गटात घेऊन जायची वस्तू नव्हे. थेट मोबाइललाच उपग्रह जोडण्याचं तंत्र जगात पुढे सरकतंय. तिथेही हाच 0.2 वॉटचा मोबाइल शेकडो किलोमीटर वर बोलणार आहे.

आता थोडं आपल्या शहरातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांबद्दल. टॉवरचं आखणीगणित शिकवताना ओकुमुरा-हाता सूत्र हमखास येतं. ओकुमुरांनी 1968 मध्ये टोकियो परिसरात घेतलेली मोजमापं, त्यावर 1980 मध्ये हातांनी बसवलेलं समीकरण. त्यात दुरुस्त्या झाल्या, नवी सूत्रं आली, तरी सोयगावचा घाटाखालचा भाग आणि गौताळ्यामागच्या वाड्या कुठल्याही आयत्या सूत्रात नीट बसायच्या नाहीत. इथल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत शेवटच्या वर्षाचे प्रोजेक्ट 6जीच्या सिम्युलेशनवर हौसेने होतात, वातानुकूलित लॅबमध्ये. त्याऐवजी दोन पोरं, एक मोटरसायकल आणि सिग्नल नोंदवणारं फुकटचं ॲप घेऊन कन्नड ते सोयगाव फिरवावं. कांड्या नुसत्या पाहायच्या नाहीत. दर अर्ध्या किलोमीटरला एक फोटो चढवून बघायचा आणि लागलेले सेकंद लिहायचे. एकदा मका उभा असताना, एकदा काढणीनंतर. नकाशा तहसील कार्यालयात लावायचा आणि एक प्रत दूरसंचार विभागाला टपालाने.