बालकांतील जीर्ण अस्थिशोथ : निदानातील दक्षता

बालकाचे हात-पाय दुखणे ही वैद्याच्या नित्य परिचयाची तक्रार होय. बहुतांशी ती श्रमजन्य असते व विश्रांती आणि अभ्यंगाने शमते. तथापि एकाच स्थानी आठवडेच्या आठवडे टिकणारी, निद्राभंग करणारी किंवा बालकास लंगडावयास लावणारी वेदना ‘वाढीचे दुखणे’ म्हणून सोडून देणे धोक्याचे आहे.

शास्त्राधार

सुश्रुताचार्यांनी निदानस्थानाच्या ९व्या अध्यायात विद्रधीचे विवेचन करताना अखेरीस मज्जपरिपाक वर्णिला आहे. अस्थी व मांस यांच्या अवरोधामुळे पूयास मार्ग मिळत नाही, अग्नीप्रमाणे दाह होतो आणि अस्थिभेदानंतरच पूय बाहेर पडतो. जंतुजन्य ऑस्टिओमायलायटिसशी हे वर्णन जुळते. यात बहुधा स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जंतू आढळतो. पहिले १० ते १४ दिवस एक्स-रे निर्दोष दिसू शकतो, हे विसरू नये. विलंब झाल्यास अस्थीचा अंश मृत होऊन नाडीव्रण वाहत राहतो.

निर्जंतुक अस्थिशोथ

१९७२ साली गिडियन व सहकाऱ्यांनी जंतूंवाचून होणारा, अनेक अस्थींत पुनःपुन्हा उद्भवणारा शोथ प्रथम वर्णिला. तो आज ‘सीआरएमओ’ या संक्षिप्त नावाने परिचित आहे. सुमारे १० वर्षांच्या आसपासच्या बालकांत, विशेषतः मुलींत, तो अधिक आढळतो. दीर्घास्थींची टोके, जत्रु (गळपट्टीचे हाड), पृष्ठकशेरुका व हनुवटी ही त्याची स्थाने. ईएसआर व सीआरपी प्राकृत असू शकतात. संपूर्ण शरीराच्या एमआरआयमध्ये वेदनारहित विकृतीही दिसून येतात. प्रतिजैविकांचा यात उपयोग होत नाही. कशेरुका दबून पाठीस बाक येण्याचा संभव असतो. म्हणून वेदना शमली म्हणजे व्याधी शमला, असे मानू नये.

हे निदान अन्य व्याधी वगळूनच करावयाचे असते. अस्थिक्षय, रक्ताचा कर्करोग, अस्थ्यर्बुद व सिकलसेल यांचा विचार अगोदर व्हावा. प्रसंगी अस्थीचा तुकडा तपासावा लागतो. रक्ताचा कर्करोग वगळण्यापूर्वी स्टिरॉइड दिल्यास खरा व्याधी झाकला जातो.

आपले उत्तरदायित्व

२०१३ साली पालघर येथून आरंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकांत आयुष वैद्यकीय अधिकारी असतात. अंगणवाडी व शाळेतील बालकास अनेकदा प्रथम तपासणारा वैद्य आपल्यापैकीच असतो. काश्यप संहितेच्या वेदनाध्यायात बोलू न शकणाऱ्या बालकाची वेदना चेष्टांवरून ओळखण्यास सांगितले आहे. अवयव न हलविणारे सज्वर बालक त्याच दृष्टीने पाहावे. छत्रपती संभाजीनगर येथे १९५६ साली स्थापन झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे ‘घाटी’ रुग्णालय मराठवाड्यातील अशा रुग्णांचा मोठा आधार आहे. संशय येताच रुग्ण तेथे किंवा अन्य सुसज्ज रुग्णालयात त्याच दिवशी पाठवावा.

चिकित्सा

पूययुक्त अवस्थेत प्रतिजैविके व आवश्यक तेथे शस्त्रकर्म यांना पर्याय नाही. निर्जंतुक प्रकारात प्रथम स्टिरॉइडविरहित शोथहर औषधे देतात. ती अपुरी पडल्यास किंवा कशेरुका बाधित असल्यास मेथोट्रेक्सेट, बिस्फॉस्फोनेट वा टीएनएफरोधी औषधे योजतात. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या २८व्या अध्यायात अस्थ्याश्रित व्याधींसाठी पंचकर्म, तिक्तद्रव्यसिद्ध क्षीर व सर्पि यांचे बस्ती सांगितले आहेत. निदान निश्चित झाल्यावर, बालरोगतज्ज्ञांना कल्पना देऊन आणि वय, बल व अग्नी पाहूनच त्यांचा सहायक म्हणून विचार व्हावा.

अचूक निदान हीच चिकित्सेची पहिली पायरी होय. बालकाच्या वाढत्या अस्थीस वैद्याच्या विलंबाची किंमत आयुष्यभर मोजावी लागू नये.