गादी : एक शब्द, अनेक अर्थ

वैद्यकीय व्यवसायात शरीराची भाषा जितकी कळावी लागते, तितकीच रुग्णाच्या तोंडची भाषाही कळावी लागते. 'डॉक्टर, मणक्यातली गादी सरकली आहे,' असे सांगणारा कामगार मसाटच्या औद्योगिक परिसरात प्रत्येक वैद्यकास परिचित आहे. बालरोगतज्ज्ञाकडे हाच शब्द दुसऱ्या वाटेने येतो : 'बाळासाठी कोणती गादी घ्यावी?' उत्तर देण्यापूर्वी या शब्दाचे कूळ पाहणे मनोरंजक आहे, आणि उपयुक्तही.

इंग्रजी 'मॅट्रेस' मूळचा अरबी. 'तरह' म्हणजे टाकणे. त्यावरून 'मतरह', म्हणजे वस्तू टाकण्याची जागा, आणि पुढे जमिनीवर टाकलेले अंथरूण. हा शब्द इटालियन व फ्रेंच भाषांतून १३०० च्या सुमारास इंग्रजीत पोहोचला. मराठीकडेही या धंद्यातला एक अरबी शब्द आहे. 'नदाफ' या आडनावाचे मूळ 'नद्दाफ', म्हणजे कापूस पिंजणारा. संस्कृतात कापसाला तूल आणि कापूस भरलेल्या गादीला तूलिका म्हणतात. नगर हवेलीवर १९५४ पर्यंत अंमल असलेल्या पोर्तुगिजांचा गादीसाठीचा शब्द मात्र लॅटिन 'कुल्सिता'पासून आला. इंग्रजी 'क्विल्ट' त्याचेच भावंड.

अरबांची गादी जमिनीवर राहिली. आपली मात्र सिंहासनावर चढली. सातारची गादी, कोल्हापूरची गादी, मठाची गादी, पेढीची गादी! १८४८ मध्ये सातारचे राज्य खालसा झाले, तेव्हा वाद दत्तकाला गादीवर हक्क आहे की नाही याचा होता. हिंदीने झोपण्याचा गद्दा आणि बसण्याची गद्दी असा भेद ठेवला. आपल्या शेजारच्या गुजरातीतही झोपायचे ते गादलुं. मराठीने दोन्ही कामे एकाच शब्दावर सोपवली, शिवाय शेतकऱ्याचा गादीवाफा आणि कुस्तीचा गादी विभागही त्यालाच दिला.

'गादी सरकली' हा शब्दप्रयोग अशा लोकप्रियतेतूनच आला असावा. पण तो दिशाभूल करतो. दोन मणक्यांमधील चकती जागची सरकत नाही. तिचे बाहेरचे चिवट कडे फाटते, आतला मऊ भाग बाहेर येतो आणि कधी कधी मज्जातंतूवर दाबतो. 'सरकली' म्हटले की ती 'बसवून' देणारा शोधावा असे वाटते आणि पाठीला हिसके बसतात. वास्तविक बहुसंख्य रुग्ण शस्त्रक्रियेविना सुधारतात. 'फळीवर झोपा' हा सल्लाही तपासून पाहण्यासारखा आहे. २००३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्पेनमधील ३१३ रुग्णांच्या अभ्यासात जुनाट कंबरदुखीला फार टणक गादीपेक्षा मध्यम टणक गादी अधिक मानवली.

तान्ह्या बाळाचे गणित निराळे आहे. घरातील वडीलधाऱ्यांना गादी जितकी मऊ, तितकी माया अधिक असे वाटते. परंतु मऊ फोममध्ये बाळाचा चेहरा रुतला, तर त्याला मान वळवून सुटका करून घेता येत नाही. स्वतःचीच उच्छ्वासाची हवा ते पुन्हा ओढत राहते. म्हणून पहिले वर्षभर बाळाला सपाट, भरीव पृष्ठभागावर उताणे निजवावे; अंथरुणात राईची उशी, लोड, जाड दुलई काही ठेवू नये. अमेरिकेत १९९४ पासून उताणे निजवण्याची मोहीम राबवली गेली आणि पाळण्यातील आकस्मिक मृत्यूंचे प्रमाण निम्म्याहून खाली आले. पालथे खेळवायचे ते बाळ जागे असताना, आपल्या नजरेसमोर.

येथे शब्दाची निवड कामाची ठरते. 'कडक गादी' म्हटले की आजींच्या डोळ्यांसमोर फळी येते आणि त्या डॉक्टरलाच निष्ठुर ठरवतात. 'भरीव गादी' म्हटले की त्यांना पटते. मी त्यांना गादीवर तळहात दाबून पाहायला सांगतो. हात उचलताच खळगा भरून आला पाहिजे. दुकानातल्या नव्या फुगीर गादीपेक्षा घरची दडपून सपाट झालेली, गाठी नसलेली कापसाची गादी या परीक्षेत पुष्कळदा अधिक बरी ठरते, आणि तेव्हा आजींचा चेहरा पाहण्यासारखा असतो.