सी भाषा : प्रायोगिक अध्ययन

सी भाषा : संगणकासाठी आज्ञावली लिहिण्याची एक भाषा. अमेरिकेतील बेल लॅबोरेटरीज या संस्थेत डेनिस रिची यांनी ती १९७२ च्या सुमारास सिद्ध केली. केन टॉम्पसन यांची बी ही भाषा तिची जननी होय. १९७३ मध्ये यूनिक्स या प्रचालन प्रणालीचा गाभा सी भाषेत पुन्हा लिहिला गेला व तिचा प्रसार सुरू झाला. तिची शब्दसंपदा अल्प असून ती यंत्राच्या स्मृतीशी थेट व्यवहार करते. त्यामुळे ती लवकर वाचता येते. परंतु तिचे वर्तन समजण्यास ग्रंथवाचन पुरेसे होत नाही.

ब्रायन कर्निहॅन व रिची यांच्या १९७८ मधील ग्रंथातील पहिली आज्ञावली केवळ एक अभिवादन छापते. अशा चार-पाच ओळींच्या आज्ञावलीत एकच बदल करावयाचा, उत्तर काय येईल ते आधी कागदावर लिहावयाचे आणि मग ती चालवून पाहावयाची, ही या अध्ययनाची रीत आहे. आधी लिहिलेले उत्तर चुकले, तरच प्रयोग उपयोगी पडला असे समजण्यास हरकत नाही.

नवशिक्यांची पहिली शंका बहुधा भागाकाराची असते. सीमध्ये दोन पूर्णांकांचा भागाकार पूर्णांकच असतो. ५ ला २ ने भागल्यास २ मिळतात. फॅरनहाइट तापमान सेल्सिअसमध्ये बदलताना २१२ मधून ३२ वजा करून येणाऱ्या १८० ला ५/९ ने गुणले, तर उत्तर ० येते. कारण ५/९ हेच आधी ० झालेले असते. प्रथम ५ ने गुणून मग ९ ने भागल्यास अचूक १०० मिळतात. दुसरी शंका = व == या चिन्हांची. पहिले चिन्ह किंमत ठेवते, तर दुसरे तुलना करते. अटीत चुकून पहिले लिहिले, तरी आज्ञावली चालते. मात्र ठेवलेली किंमत शून्येतर असल्यास ती अट सदैव खरी ठरते.

अ‍ॅरेची गणती शून्यापासून का, या प्रश्नाचे उत्तर स्मृतीच्या रचनेत आहे. क्रमांक म्हणजे पहिल्या घटकापासूनचे अंतर. म्हणून पाच घटकांचे क्रमांक ० ते ४. पाचव्या क्रमांकावर लिहू पाहणाऱ्यास भाषा अडवीत नाही. शेजारचा चल बिघडेल, आज्ञावली थांबेल किंवा काहीच झाले नाही असे दिसेल. दोन चलांच्या किंमतींची अदलाबदल करणारे फलन लिहिले, तरी मूळ चल तसेच राहतात, कारण फलनास किंमतींच्या प्रती मिळतात. चलांचे पत्ते दिले, की अदलाबदल होते. पॉइंटर या संकल्पनेचे प्रयोजन येथे प्रथम कळते.

या पद्धतीस एक गंभीर मर्यादा आहे. प्रयोगातून एका यंत्रावरील एका कंपायलरचे वर्तन कळते, भाषेचा नियम नव्हे. भारतातील महाविद्यालयांत दीर्घकाळ वापरल्या गेलेल्या टर्बो सीमध्ये साधा पूर्णांक १६ बिटांचा होता. त्यामुळे ३२,७६७ ठेवलेल्या चलात १ मिळविल्यास –३२,७६८ दिसे, व तोच नियम म्हणून पाठ केला जाई. ३२ बिटांच्या पूर्णांकावर तेथे ३२,७६८ हेच उत्तर येते. १९८९ च्या अमेरिकन व १९९० च्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार चिन्हांकित पूर्णांकाची मर्यादा ओलांडल्यास काय घडावे, हे अनिर्धारित आहे. चिन्हविरहित पूर्णांक मात्र निश्चितपणे शून्याकडे वळतो. चलाची किंमत वाढविणारी क्रिया आणि त्याच चलात किंमत ठेवणे एकाच विधानात आणणारी परीक्षाप्रिय कोडीही बव्हंशी अनिर्धारितच असतात. त्यांचे ‘बरोबर’ उत्तर विचारणे निरर्थक होय.

नागपूरचे यशवंत कानेटकर यांचे ‘लेट अस सी’ हे पुस्तक भारतीय विद्यार्थ्यांत विशेष प्रचलित आहे. नवशिक्यांचे प्रश्न मानकाच्या आधारे सोडविणारा स्टीव्ह समिट यांचा ग्रंथ १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. कंपायलरच्या इशारासूचना चालू ठेवल्यास अटीतील = सारख्या चुका आज्ञावली चालविण्यापूर्वीच बहुधा उघड होतात.