माळावरचा चिंकारा
एका दिवसांत वन्यपशु पाहून परतूं इच्छिणाऱ्या पुणेकरांस बारामती तालुक्यांतील सुपें येथील मयूरेश्वर अभयारण्य सोयीचें आहे. १९९७ सालीं घोषित झालेलें हें क्षेत्र अवघें ५.१४ चौरस किलोमीटर. येथें वाघ नाहीं, दाट अरण्यहि नाहीं, हें आधींच सांगितलेलें बरें. उघड्या गवताळ माळावर चिंकारा हरणें चरतात. त्यांचा रंग वाळल्या गवतांत इतका मिसळतो कीं, नवख्यास समोरचा कळपहि दिसत नाहीं. जाणता वाटाड्या मात्र काळसर शेपटीच्या हालचालीवरून तो नेमका ओळखतो. शिंगें मादीलाहि असतात, पण आंखूड. अशा माळांस पडीक समजून तेथें झाडें लावण्याची हौस या पशूस घातक ठरते. शत्रूस दुरून पाहून वेगानें पळणें, हेंच त्याचें संरक्षण. गर्द झाडींत तें उरत नाहीं.