तळघरातील एक तास

गेल्या उन्हाळ्यात चिरंजीवांकडे बुडापेस्ट येथे दोन महिने राहण्याचा योग आला. हंगेरीची ही राजधानी डॅन्यूब नदीच्या दोन्ही तीरांवर वसलेली असून, पूर्वतीरावरील पेश्ट भागातील जुन्या इमारती पाहून मला पुण्यातील वाड्यांची आठवण झाली. मध्ये चौक, चौकाभोवती मजल्यामजल्यांवर सज्जे आणि खाली खोल तळघरे. या तळघरांत पूर्वी कोळसा व जळाऊ लाकूड साठवीत. आज त्यांपैकी काहींत लोक पदरचे पैसे खर्चून स्वतःस कोंडून घेतात!

या खेळास ‘एस्केप रूम’, म्हणजे सुटकेची खोली, असे म्हणतात. दोन ते सहा जणांनी मिळून एका सजविलेल्या खोलीत शिरावयाचे. तेथील कोडी, खुणा व कुलुपे यांचा उलगडा करीत साठ मिनिटांच्या आत नेमलेले कार्य पुरे करावयाचे. बाहेर बसलेला खेळाचा चालक कॅमेऱ्यातून पाहत असतो आणि अडल्यास एखादी सूचना देतो.

खेळाचे मूळ संगणकात आहे. जपानमधील तोशिमित्सु ताकागी यांनी 2004 साली बंद खोलीतून सुटण्याचा एक खेळ रचला व तो जगभर खेळला गेला. पुढे 2007 साली क्योटो शहरात ताकाओ कातो यांनी अशा खेळांवरून स्फूर्ती घेऊन खऱ्याखुऱ्या माणसांना खऱ्याखुऱ्या जागेत खेळविले. बुडापेस्टमध्ये 2011 साली आत्तिला ग्युर्कोविच यांनी असा खेळ सुरू केला. जपानी प्रयोगाची आपणांस वार्ताही नव्हती, असे त्यांचे म्हणणे. त्यांना प्रेरणा मिळाली ती मिहाय चिकसेंटमिहायी या मानसशास्त्रज्ञाच्या विचारांतून. काम फार सोपे नसावे, फार कठीणही नसावे, म्हणजे मनुष्य त्यात देहभान विसरतो, हा त्यांतील एक मुद्दा. छत्तीस वर्षे खडूफळ्याशी घालविलेल्या मला हे तत्त्व नवे नव्हते. वर्गात ते साधे मात्र क्वचितच.

आमच्याकडे नातवाचा तेरावा वाढदिवस होता आणि त्याने मध्ययुगीन जादूगाराची खोली निवडली होती. मी मनात म्हटले, प्रहेलिकेस आपल्याकडे चौसष्ट कलांत स्थान आहे. दण्डीने काव्यादर्शात तिचे सोळा प्रकार सांगितले आहेत. हे पोरखेळ आपणांस काय अडविणार! अशा डौलातच मी पायऱ्या उतरलो.

दाराशी मात्र मी थबकलो व तेथील तरुणीस विचारले, “आग लागली तर?” सूनबाई जरा ओशाळल्या. परंतु पोलंडमधील कोशालिन शहरी 4 जानेवारी 2019 रोजी घडलेली घटना मी वाचली होती. पंधरा वर्षांच्या पाच मुली एकीच्या वाढदिवसानिमित्त अशाच खोलीत खेळावयास गेल्या. आग लागली, त्यांना बाहेर पडता आले नाही आणि पाचही जणी प्राणास मुकल्या. त्यानंतर पोलंडमध्ये अशा ठिकाणांची सरकारी तपासणी झाली व अनेक ठिकाणे बंद करण्यात आली. वाढदिवस, तळघर आणि कुलूप हे तीन शब्द एकत्र आल्यावर मला गप्प राहवेना.

त्या तरुणीने प्रश्न हसण्यावारी नेला नाही. दारास खिट्टी नव्हती, विद्युच्चुंबक होते. तारेतून प्रवाह वाहतो तोवर चुंबक लोखंडी पट्टी धरून ठेवते. प्रवाह खंडित होताच पकड सुटते. दाराशेजारी हिरवे बटन होते. मी ते दाबून पाहिले, दार उघडले, पुन्हा लावले, पुन्हा उघडले. नातू म्हणाला, “आजोबा, झालं का?” तेव्हा कुठे आत गेलो.

आत मंद उजेड. मशालींच्या जागी लुकलुकणारे दिवे, कोपऱ्यात चिलखत, भिंतीवर सिंह, काळवीट, गरुड आणि सर्प अशी चिन्हे असलेल्या चार ढाली. मधोमध दणकट मेज व त्यावर कातडी बांधणीचा ग्रंथ. कार्य असे की, जादूगाराने पळविलेले ड्रॅगनचे अंडे, म्हणजे पंख असलेल्या, आग ओकणाऱ्या सर्पाचे अंडे, पेटीतून सोडवावयाचे. ग्रंथातील लिपी अनोळखी होती. नातवाने एका फलकावरून अक्षरे जुळविली आणि इंग्रजी वाक्य निघाले. त्याचा आशय असा की, कुलुपाचा आकडा रात्रीच्या आकाशात आहे.

आता माझी पाळी! मी छताकडे पाहिले, सप्तर्षी सांगितले, कृत्तिका सांगितल्या, ताऱ्यांची संख्या लावून पाहिली. कुलूप हलेना. नातीने, ती सात वर्षांची आहे, माझा सदरा ओढला. “आजोबा, टेबलाखाली चांदण्या आहेत.” मी म्हणालो, “थांब जरा.” दुसऱ्यांदा तिने तेच सांगितले, तेव्हा मोठी माणसे बोलत असता मध्ये बोलू नये, असे मी तिला बजावले. चिरंजीव व सूनबाई माझ्याकडेच पाहत होते, कारण मी बोलत होतो. काही वेळाने मेजाखालून मोजण्याचा आवाज येऊ लागला. मेजाच्या खालच्या अंगास चार प्राणी रंगविलेले, आणि प्रत्येकाभोवती चांदण्या. सिंहाच्या तीन, काळविटाच्या सात, गरुडाच्या दोन, सर्पाच्या पाच. ढालींच्या क्रमाने आकडे फिरविले आणि कुलूप उघडले. वीस मिनिटे गेली होती.

मेजाखाली पाहण्यास आम्हांला वाकावे लागले असते; तिला नुसते उभे राहणे पुरे होते.

एक जुनी गोष्ट येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. एकदा फळ्यावर एका धातूचे रूप चुकीचे लिहिले असता शेवटच्या बाकावरील एका मुलाने दोनदा हात वर केला. दुसऱ्यांदा मी त्याला तासभर उभे केले. चूक मला घरी गेल्यावर कळली. दुसऱ्या दिवशी रूप मी दुरुस्त केले, त्या मुलाशी मात्र काही बोललो नाही. त्याचा चेहरा आता आठवत नाही, वर केलेला हात आठवतो.

असो. पुढची कुलुपे सूनबाई व नातवाने काढली. जादूच्या अर्कांचे पेले फळीवर ठराविक क्रमाने ठेवावयाचे होते. प्रत्येकाच्या बुडाशी एक बारीक चकती, फळीखाली ती ओळखणारे यंत्र. पडद्यावरील रंग पाहून सूनबाईंनी मिसळणाच्या डब्यातील वाट्या लावाव्या तसे पेले मांडले आणि फळी आपोआप सरकली. या वेळी मी छोटीजवळ खाली बसलो होतो व ती दाखवील ते पाहत होतो. तिने दाखविलेल्यांपैकी निम्म्या गोष्टी निरुपयोगी होत्या, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

शेवटची पेटी मात्र आमच्याने उघडली नाही. घंटा वाजली, दिवे लागले. ती तरुणी आत आली आणि पेटीचे रहस्य समजावून देऊ लागली, तोच छोटीने दोन्ही कानांवर हात ठेविले व आईस म्हणाली, “तिला सांग ना, सांगू नको म्हणून. उद्या आजोबा आणि मी काढू.”